थांबण्याच्या जागा

सु-रानने मास्तरांचा आणखी एक श्वास कापला आणि दोन्हीकडचे तुकडे जोडून टाकले. पडद्यावर प्योन मास्तर म्हणाले, "ही तार इथं येते," आणि मध्ये जराही उसंत न घेता पुढे म्हणाले, "आता दुसरी." जोड कुठे पडलाय हे तिचं तिलाही ओळखू येईना. तिने डोळे चोळले आणि खुर्चीत मागे रेलली. अकरावा धडा पुरा झाला होता.

"झालं?" कुक साहेबांनी विचारलं. ते व्हिडिओ-धडे करणाऱ्या टीमचे प्रमुख. खुर्चीवरून न उठता, चाकांवर सरकत येऊन दुसऱ्याच्या पडद्यात डोकवायची त्यांना भारी खोड.

"झालं. लांबीचा चांगला तिसरा हिस्सा कमी झाला."

"वा, सु-रानबाई! मुडद्यात जीव ओतलात अगदी." बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. "म्हणजे, कामाबद्दल म्हणतोय मी."

मास्तरांना जाऊन अजून महिनाही झाला नव्हता.

मास्तरांनी उभा जन्म कर्णबधिर मुलांच्या शाळेत वायरमनचं काम शिकवण्यात घालवला होता. स्वतःला व्यवस्थित ऐकू यायचं, पण तोंडाने बोलताना हात आपोआप खुणा करायचे. कँटीनमध्ये वाढणाऱ्या बाईशी बोलतानाही हात गप्प बसत नसत. वायरमनच्या परवान्याची परीक्षा वसंतात. त्या मुलांना घरबसल्या तयारी करता यावी म्हणून हे धडे करायचे ठरले होते, आणि चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी मास्तर सु-रानला म्हणाले होते, "सोल शहरात गल्लोगल्ली क्लास आहेत हो, पण सगळे कानांसाठी. माझ्या पोरांना हे एवढंच मिळणार आहे. नीट होऊ द्या, बाई."

"नीट करीन, सर," ती म्हणाली होती.

आणि तिने केलंही होतं. कुठे म्हणून कसूर ठेवली नव्हती. खाली ठसठशीत अक्षरं. हात चौकटीबाहेर जाऊ नयेत म्हणून कॅमेरा मागे. बोटं उठून दिसावीत म्हणून पाठीमागे गडद कापड. एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला स्विचांची आणि तारांची पाटी. फक्त एकच गोष्ट तिला सोसवत नव्हती. दर दोन वाक्यांनंतर मास्तर थांबायचे. टेबलाची कड धरायचे, ओठ मिटायचे आणि कॅमेऱ्याकडे बघत नुसते उभे राहायचे. फुप्फुसाचं दुखणं कुणापासून लपलं नव्हतं. कॅमेऱ्यामागे उभ्या सु-रानलाच धाप लागल्यासारखं व्हायचं. मास्तरांनी कधी काही सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. आजारी माणसाला काय विचारायचं?

ते गेल्यावर तिने मनाशी ठरवलं, गेलेल्या माणसाची धाप चारचौघांना दाखवायची नाही. पोरांना मास्तर धडधाकट दिसले पाहिजेत. आवाजाची हिरवी रेघ जिथे जिथे सपाट झाली होती, तिथे तिथे तिने कात्री लावली. कुक साहेबांना तर हे हवंच होतं. "लिफ्टचं दार मिटेपर्यंत बटण बडवणारे आपण लोक," ते म्हणायचे, "आपल्याला शांतता दाखवली की आपण पळालोच."

त्या सगळ्या चित्रीकरणातून एकच चौकट तिने वेगळी काढली होती, मास्तरांच्या मुलीच्या सांगण्यावरून. अंत्यदर्शनाच्या खोलीत पांढऱ्या शेवंतीच्या फुलांमध्ये ठेवायला घरात एकही धड फोटो नव्हता. मास्तर सरळ समोर बघतायत, तोंड मिटलेलं आहे, नजर मायेची आहे, अशी चौकट तिला अशाच एका थांबण्याच्या जागी सापडली. फोटोपुढे गुडघे टेकून नमस्कार करताना तिला भडभडून आलं होतं. नंतर तिथल्या रीतीप्रमाणे मांसाचा तिखट रस्सा आणि भात पुढ्यात आला, तो तिने तसाच बाजूला सारला.

धडे बाहेर पडण्याआधी एका तरी कर्णबधिर माणसाने ते पाहून पसंत करायचे, असा नियम होता. कुक साहेबांनी थेट मास्तरांच्या कर्णबधिर पत्नीलाच, मास्तरीणबाईंनाच बोलावलं.

"घरचंच माणूस. नाही कशाला म्हणतील?"

बाई आल्या त्या रिकाम्या हाताने नाही. फडक्यात बांधून तांदळाच्या वड्या आणल्या होत्या, लाल चवळीचा चुरा लावलेल्या, अजून कोमट. बरोबर मुलगी होती, आ-रिम. तिला ऐकू येत होतं. लहानपणापासून बँकेत, दवाखान्यात आईचं तोंड तीच झालेली, त्यामुळे तिच्या बोलण्यात एक प्रकारची घाई होती. बाईंनी एकेकाच्या हातात वडी ठेवली. सु-रानच्या हातात दोन ठेवल्या.

"तुम्ही त्यांचं काम पुरं केलंत म्हणून," आ-रिमने सांगितलं.

दिवा मालवला आणि धडा सुरू झाला. बाई पुढे सरकून बसल्या. मास्तरांचे हात हलले, बाईंनी ते वाचले. मास्तरांनी पाटीवरच्या तारेकडे बोट केलं. बाईंची नजर तारेकडे गेली आणि परत आली, तोवर मास्तर पुढच्या वाक्याच्या मध्यावर होते. बाई पुन्हा धावल्या, तारेकडून हातांकडे, हातांकडून खालच्या अक्षरांकडे. जराशाने त्यांचा उजवा हात मांडीवरून अर्धा उचलला गेला, पंजा समोर करून, रस्त्यात कुणाला थांब म्हणावं तसा. मग त्यांचं त्यांनाच काही वाटलं असावं. हात हळूच खाली आला आणि तिथेच पडून राहिला. उरलेला धडा त्यांनी नुसताच पाहिला.

दिवा लागल्यावर बाई मुलीकडे वळल्या आणि बराच वेळ हातांनी बोलल्या. आ-रिम बघत राहिली.

"काय म्हणतायत?" कुक साहेबांना धीर निघेना.

"आवडलं म्हणते," आ-रिम म्हणाली. "आभारी आहे म्हणते."

"बघा! मी काय म्हणत होतो?" साहेबांनी टाळी वाजवली, दुसरी वडी तोंडात टाकली आणि खुर्ची ढकलत आपल्या टेबलाकडे गेले.

सु-रान दोघींना लिफ्टपर्यंत सोडायला गेली. मनात काहीतरी टोचत होतं. एवढ्या बोलण्याची एवढीच दोन वाक्यं?

"आ-रिम, आई बरंच काही म्हणत होत्या."

"जाऊ दे ना, ताई. झालं ते झालं."

"सांग गं."

आ-रिमने आईकडे पाहिलं. बाई लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होत्या.

"ती म्हणाली, माणूस यांच्यासारखाच दिसतो, पण हा माझ्यासाठी थांबत नाही."

सु-रानला एकदम कळलंच नाही. तिचा चेहरा पाहून आ-रिम सुस्कारली.

"अहो, डोळे दोन असले तरी दोन्ही एकाच ठिकाणी जातात. हात वाचायचे की तार बघायची? बाबा काही दाखवलं की थांबायचे. आई बघून परत यायची, मान हलवायची, मगच पुढे. शाळेतही तसंच आणि घरीही तसंच. भांडतानासुद्धा! ती मान हलवेना म्हणून एकेक भांडण दिवसभर चालायचं." ती हसली, पण डोळे भरून आले. "मलाच धीर नसायचा. मी वैतागून म्हणायचे, आटपा की बाबा."

हातातली वडी सु-रानने घट्ट दाबली होती, चुरा फरशीवर सांडत होता.

"मला वाटलं, त्यांना धाप लागतेय."

"लागायचीच की," आ-रिम म्हणाली. "दोन्ही होतं."

किती साधी गोष्ट! आणि मास्तरांनी ती सांगितली कशी नाही? आपल्या घराचा जिना कुठे आहे, हे माणूस रोज येणाऱ्याला सांगत नाही, तसंच झालं असणार. जन्म त्यातच गेलेला. जगाला ठाऊकच असेल, असं धरून चालले बिचारे. आणि विचारायला पाहिजे होतं ते तिने. पोरांसाठी करायच्या धड्यात पोरांना एकदाही आणून बसवलं नव्हतं. तिने स्वतः तरी कान झाकून एकदा पाहिला होता का तो धडा?

"खाली थांबा," ती म्हणाली. "जाऊ नका. मी आलेच."

ती जवळजवळ धावतच आत गेली.

"साहेब, पाठवू नका. मला सगळं पहिल्यासारखं करायचंय. मूळचं चित्रीकरण..."

"पाठवलं की मी." साहेब तिच्याकडे बघत राहिले. "आणि मूळचं कुठलं आता? काम पुरं झालं अशी खूण तुम्हीच केलीत ना? त्यानंतर मूळच्या फाइली पुसून जागा साफ होते, तुम्हाला काय नवीन आहे?"

नवीन नव्हतं. खूण तिनेच केली होती, समाधानाने.

"झालंय तरी काय?"

तिने सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. वाईट माणूस नव्हताच तो.

"मग असं करा," ते म्हणाले, "दर वाक्यानंतर चित्र गोठवा थोडं. पोरांना तार बघायला वेळ मिळाला म्हणजे झालं; बदलून पाठवू."

तिने उभ्याउभ्याच एका ठिकाणी चित्र गोठवून पाहिलं. तोंड अर्धवट उघडं, हात हवेत पुसट झालेला, पापण्या खाली. पोरांचं काम भागलं असतं. ती ते करणारही होती, एकूण एक धड्यात, एकूण एक जोडावर. पण तो माणूस कुणासाठी थांबलेला नव्हता.

मग तिला बारावा धडा आठवला. तो अर्ध्यातच राहिला होता. त्या दिवशी मास्तरांना मधूनच घरी न्यावं लागलं आणि ते परत आलेच नाहीत. अपुरा म्हणून तो कुणी मागितला नाही, आणि म्हणूनच तो तिच्या लॅपटॉपमध्ये जसाच्या तसा पडून होता. कात्री न लागलेला.

खाली कॉफीच्या यंत्राशेजारच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. काचेबाहेर बर्फाची भुरभुर चालू होती. बाई रिकाम्या फडक्याची घडी घालत होत्या. सु-रानने लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि धडा सुरू केला.

मास्तर खूप थकलेले दिसत होते. आवाज जेमतेम निघत होता, पण हात स्पष्ट होते. त्यांनी काहीतरी सांगितलं, पाटीवरच्या तारेकडे बोट केलं, टेबलाची कड धरली आणि थांबले. बाईंची नजर तारेकडे गेली. कुठून आली, कुठे गेली, कुठल्या स्क्रूखाली बसली, ते त्यांनी सावकाश पाहिलं. मग नजर परत आली. मास्तर तिथेच होते, समोर बघत.

बाईंनी मान हलवली.

पडद्यावर मास्तरांनीही किंचित मान हलवली आणि पुढे सांगायला लागले.

आ-रिमने तोंडावर हात दाबून धरला. बाईंनी लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवलं आणि सु-रानकडे वळून हातांनी काहीतरी विचारलं. दोनच खुणा. आ-रिमने अर्थ सांगायला तोंडावरचा हात काढला. पण सांगायची गरजच नव्हती. असे अजून किती आहेत, एवढंच बाई विचारत होत्या.

सु-रानने एक बोट वर केलं. मग तेच बोट मांडीवरच्या लॅपटॉपकडे वळवलं.

बाई त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तिचं बोट आपल्या मुठीत धरून अलगद मिटवलं, तिच्या हातावर थोपटलं आणि पडद्याकडे वळल्या. मास्तर थांबलेच होते.