लाल शाईतलं पाणी

कल्याणची लिंक आली तेव्हा राजेश्वरी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये अकरावीचे पेपर तपासत बसली होती. लिंकखाली त्याने लिहिलं होतं, 'ताई, नानांची टिटवी पूर्ण झाली. पार शेवटपर्यंत. रविवारी केडगावला हॉल सांगितलाय, सगळं मंडळ येतंय. सोमवारी वर्षश्राद्ध, म्हणून रविवार. काकूंना घेऊन याच.'

'शेवटपर्यंत' हा शब्द तिने तीनदा वाचला. नाना शेवटपर्यंत पोचलेच नव्हते. अठरा मिनिटं राहिली असतानाच ते गेले होते.

नाना म्हणजे श्रीमंत भापकर, तिचे वडील. पारनेर तालुक्यातून उठून भिंगारला आले आणि छावणीतल्या थेटरात जवानांना सिनेमे दाखवण्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. हिंदी दाखवले, इंग्रजी दाखवले. पण जीव जडला तो एकाच मालिकेवर. परदेशी, अवकाशयानांची, नऊ भागांची, चाळीस वर्षं संपता संपत नसलेली. एक म्हातारा कप्तान, ठिगळं लावलेलं एक यान आणि पाणी असलेला ग्रह कुठे सापडतो का याचा शोध, एवढीच मूळ गोष्ट. यानाचं खरं नाव नानांना कधी उच्चारता आलं नाही. त्यांनी त्याचं बारसं केलं, 'टिटवी'. "वरडती आभाळात आन अंडी घालती उघड्या माळावर," ते म्हणायचे. "आक्कल न्हाई, पर धीर लई."

मालिकेबद्दल त्यांची मतं ठाम होती. पहिले तीन भाग म्हणजे ताजी भाकरी. मधले तीन म्हणजे त्याच भाकरीचा दुसऱ्या दिवशीचा कुस्करा. आणि शेवटचे तीन? "मूळ धनी बाजूला झाला, आन ज्यांनी कधी नांगर धरला न्हाई त्यांनी रान वाटून घेतलं."

रिटायर झाल्यावर ते कल्याणकडे गेले. कल्याण केडगावचा, लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करणारा, पस्तिशीचा. त्याच्या शेजारी महिनाभर खुर्ची टाकून बसून नाना कॉम्प्युटरवर सिनेमा कापायला शिकले. मग नऊ भागांचे वीस तास कापून त्यांनी पाच तासांवर आणले. उजेडाच्या तलवारींची सगळी भांडणं काढून टाकली. "तलवारी खेळायला येवढ्या लांब कशाला जायचं? आपल्याकडं भावकी काय कमी हाय?" ठेवला तो फक्त पाण्याचा शोध. वर सगळ्या पात्रांना स्वतःचा आवाज दिला. कप्तान, डॉक्टरीण, शत्रूचा सम्राट, सगळे पारनेरी बोलत. सम्राट आपल्या काळ्या सिंहासनावरून गरजे, "तुमचा ग्रह आमी घेनार. व्हय म्हना न्हाईतर न्हाई म्हना."

सहा वर्षं हे काम चाललं. एकेक तुकडा तयार झाला की तो 'टिटवी मंडळ' नावाच्या ग्रुपवर जाई. त्यात सव्वीस माणसं होती, शेवगावपासून संगमनेरपर्यंतची. चौथा भाग सबंध उडवावा की अर्धा, यावर त्यांची अशी जुंपे की जणू बांधच कोरला जातोय.

राजेश्वरी त्या मंडळात नव्हती. ती मराठी शिकवायची. आठवीत असल्यापासून तिने बापाला 'ण' शिकवायचा प्रयत्न केला होता. "नाना, पानी नाही, पाणी." नाना हसून म्हणायचे, "अगं, तहान दोन्हीनं भागती."

तिने पेपरांवर डस्टर ठेवला, कानात इअरफोन घातले आणि लिंक उघडली.

पहिल्यांदा जाणवलं ते ठिपक्यांचं नसणं. थेटरात दोन प्रोजेक्टर असायचे. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमके. तो दिसला की दुसरं यंत्र सुरू करायचं, दुसरा ठिपका दिसला की चित्र त्याच्यावर न्यायचं. कॉम्प्युटरमध्ये ना रीळ, ना दुसरं यंत्र. तरी नानांनी दर वीस मिनिटांनी ते दोन ठिपके हाताने घातले होते. सवय म्हणा, सही म्हणा. ते पुसले होते. नानांचा खोकला पुसला होता. तिसऱ्या भागात कप्तान निर्वाणीचं बोलत असताना मागून आईचा आवाज यायचा, "अवो, च्या गार झाला." तोही गेला होता. चहाच्या जागी आता गुळगुळीत शांतता होती.

तिने व्हिडिओखालची रेघ ओढत शेवट गाठला. नानांनी मागे ठेवलेली अठरा मिनिटं. कप्तान एका लाल ग्रहावर गुडघे टेकतो, हाताने माती उकरतो, ओंजळ वर करतो. आणि नानांच्या आवाजात, अगदी त्यांच्याच घोगऱ्या, भरल्या आवाजात म्हणतो,

"पाणी आहे."

खाली समर्थ नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं, 'शेवट म्हणजे काकांचं बेस्ट काम! उच्चारही किती सुधारलेत.' त्यावर एकोणीस अंगठे.

राजेश्वरीने इअरफोन काढले. समोरच्या पेपरात एका मुलीने 'पाऊस' ऱ्हस्व लिहिला होता. तिने लाल पेन उचललं आणि टोपण लावून परत ठेवलं. शेजारच्या मॅडमनी विचारलं, "काय हो, बरं वाटत नाही का?"

"नाही," ती म्हणाली. "राग आलाय."

शनिवारी सकाळी रिक्षा करून ती केडगावला निघाली. गोजरबाई न विचारता येऊन बसली.

"आई, तू कशाला? मी भांडायला चाललेय."

"म्हनूनच. माळीवाड्यापस्तोर तरी गप बस, रिक्षावाला ऐकतोय."

कल्याणचं दुकान म्हणजे एका गाळ्यात दोन कॉम्प्युटर आणि भिंतभर नवरा-नवरीचे फोटो. तो उठून उभा राहिला. "ताई! बघितलं का? चार महिने लागले. दिवसाची कामं उरकून..."

"तो आवाज कुणाचा आहे?"

"नानांचाच."

"कल्याण, नाना गेले तेव्हा शेवट बोलायचा राहिला होता. हे तुलाही माहीत आहे."

"मशिनला त्यांचं जुनं सगळं बोलणं ऐकवलं, ताई. सहा वर्षांचं. त्याच्यावरनं तयार होतो आवाज. आता सगळे करतात."

"कुणाला विचारून?"

कल्याणने गोजरबाईकडे पाहिलं. गोजरबाई म्हणाली, "मीच दिलं हुतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिशी. ती काम्पुटरची डबी आन वही. म्हनलं त्यांचं काम हाय, अपुरं नगं ऱ्हायला."

राजेश्वरीला हे ठाऊक नव्हतं. क्षणभर तिचा तोल गेला. पण राग पाय रोवून उभा होता. "पूर्ण कर म्हणाली आई. त्यांचा खोकला पुसून टाक म्हणाली का? ठिपके खरवडून काढ म्हणाली का?"

"डाग वाटतात ते, ताई. नवीन माणसाला कळत नाही. मी स्वच्छ केलं सगळं."

"माणूस स्वच्छ केलास. भांडं घासावं तसा."

"ताई, एक बोलू?" कल्याणचाही आवाज चढला. "तुम्ही मंडळात नव्हता. सहा वर्षांत त्यांचा एक तुकडा तरी पुरा ऐकलात? आम्ही सव्वीस जणं ऐकत होतो. दवाखान्यातनं त्यांनी सम्राट बोलून पाठवला, तो आम्ही ऐकला. माझंही कुणीतरी गेलंय."

ते खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. "ऐकला असतास तर त्यांच्या तोंडात ण कोंबला नसतास. जन्मात त्यांनी कधी..."

"मला ऐकवा," गोजरबाई म्हणाली.

कल्याणने तिच्या कानांवर हेडफोन चढवले. पदर सावरून ती ताठ बसली. सहा वर्षं नानांच्या रेकॉर्डिंगच्या वेळी ती बाजूला लसूण सोलत बसायची. पडद्याकडे तिने क्वचित पाहिलं असेल, पण बोलणं तिला पाठ होतं. आताही तिने डोळे मिटले. शेवटची अठरा मिनिटं तिने तशीच ऐकली. बाहेर पुणे रोडवरून ट्रक जात होते.

तिने हेडफोन काढले. "आवाज त्यांचाच हाय."

कल्याणचा चेहरा उजळला. "बघा, ताई."

"पर बोलत्यात दुसरंच कुनी." ती लेकीकडे वळली. "ह्यो तुझा बाप न्हाई, राजे. ही तू हायेस."

"मी?"

"तूच. 'मला वाटते', 'आपण जाऊया', 'पाणी आहे'. घरात आसं कोन बोलतं?"

कल्याणने खण उघडून वही बाहेर काढली. दोनशेपानी, पुठ्ठ्याला खाकी कागद. "मी पदरचा एक शब्द घातला नाही, ताई. शेवटचे संवाद नानांनी लिहून ठेवले होते, तेच मशिनला टाइप करून दिले. फक्त जिथं दुरुस्ती होती तिथं दुरुस्त केलेलं घेतलं. मला वाटलं, त्यांनीच तुमच्याकडनं करून घेतली असणार."

राजेश्वरीने वही उघडली. नानांचं पेन्सिलीतलं तिरपं अक्षर, आणि पानापानावर लाल शाई. 'हाय' खोडून 'आहे'. 'आमी' खोडून 'आम्ही'. शेवटच्या पानावर 'पानी हाय' यावर आडवी रेघ, वर 'पाणी आहे', आणि समासात, पोरांच्या पेपरात लिहावं तसं: 'ण! किती वेळा सांगायचं?'

तिला तो दिवस आठवला. दोन वर्षांपूर्वीची दिवाळीची सुट्टी. नानांनी वही हातात देऊन म्हटलं होतं, "सगळं लिवून काढलंय, पार शेवटापस्तोर. वाच आन सांग, कसं वाटतंय." तिने एका बैठकीत वाचली, चिडत चिडत तपासली आणि संध्याकाळी टीव्हीवर ठेवून दिली. कसं वाटलं ते सांगितलं नाही. त्यांनीही परत विचारलं नाही. त्यानंतर दोन भाग त्यांनी बोलून पुरे केले. तिची एकही दुरुस्ती मानली नाही. आणि एकही खोडली नाही.

"भांडताय कशापाई?" गोजरबाई म्हणाली. "जित्तेपनी शाळंत बसले न्हाईत. दोघांनी मिळून मेल्यावर बसवलं."

राजेश्वरीने वही मिटली. आईने काही चुकीचं म्हटलं नव्हतं, आणि राग जराही कमी झाला नव्हता. त्याला आता फक्त दुसरा पत्ता मिळाला होता.

"काढ तो आवाज," ती म्हणाली.

"ताई, उद्या लोक येणार. शेवट बोलल्याशिवाय?"

"बोलल्याशिवाय. त्यांच्या जागी कुणी बोलायचं नाही. तुझं मशिन नाही, आणि मीही नाही."

"मग वहीतलं मूळचं टाकतो ना! पेन्सिलीतलं. 'पानी हाय' म्हणायला लावतो त्याला."

गोजरबाईच्या हातातला पदर थांबला. राजेश्वरीलाही मोह पडला. अर्ध्या तासात तिला बापाच्या तोंडून ते ऐकता आलं असतं. तिची चूक पुसली गेली असती, वहीतल्या रेघेसकट.

"नको," ती म्हणाली. "म्हणायला लावायचं नाही. आणि खोकला परत घाल. ठिपके घाल. आईचा चहा घाल."

"च्या ऱ्हाऊ दे," गोजरबाई पुटपुटली. "लोकं हासतील."

"हसू देत."

रविवारी दुपारपर्यंत हॉलमध्ये पाऊणशे माणसं बसली होती. चहाच्या वाक्याला हशा पिकला आणि गोजरबाईने तोंडाला पदर लावला. पाचव्या तासाला, कप्तान त्या ग्रहावर उतरला तेव्हा, उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला. मग दुसरा. मराठी तिथे संपली. पुढची अठरा मिनिटं वारा, यंत्रांची घरघर आणि कुणालाही न कळणारी एक परदेशी भाषा.

"आवाज! आवाज!" मागून दोघं-तिघं ओरडले. कुणी शिट्टी मारली.

"आवाज इतकाच हाय," कल्याण अंधारातून म्हणाला. "बसा खाली."

सोमवारी श्राद्धाची पानं उठल्यावर राजेश्वरीने फोन उघडला. नवीन लिंकखाली मतांचा ढीग पडला होता. 'शेवटाची माती केली.' 'आधीचा व्हर्जन परत टाका.' 'काकांचा अपमान आहे हा.' समर्थने सविस्तर लिहिलं होतं, मुद्द्यांना आकडे घालून.

सगळ्यात खाली तिने स्वतःच्या नावाने टाइप केलं, 'शेवट अपूर्ण आहे. तसाच राहील. राजेश्वरी श्रीमंत भापकर.' पाठवण्याआधी थांबली. एकेक अक्षर मागे घेत खोडलं आणि पुन्हा लिहिलं, 'शेवट अपुरा हाय. तसाच ऱ्हाईल.'

दोन मिनिटांत समर्थचं उत्तर आलं. 'मॅडम, तुम्ही मराठीच्या ना? "आहे" हवं. टायपो झालाय का?'

तिने लिहिलं, 'न्हाई.'