गच्चीवरचे शूरवीर

गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया राखायच्या, एवढंच काम. मोबदला पाहाल तर वाटीभर साखर घातलेला चीक, आणि संध्याकाळी सुगतमामाच्या मोटरसायकलवरून भेडाघाटच्या धबधब्यापर्यंत चक्कर. पाचवीतल्या अश्वजीतला सौदा फायद्याचा वाटला.

शिवाय मामा सोबतीला होताच. सिहोऱ्याहून आलेला, काळा चष्मा, दंडावर गोंदलेला वाघ. अश्वजीतचा हीरो तोच. थोरली बहीण एकता झुरळ दिसलं की पलंगावर चढायची. तिला तो हिशेबातच धरत नसे.

आई शेजारच्या सत्यभामाकाकूंच्या कुरडया घालू लागायला गेली.

“आने दो बंदरों को!” मामानं दंड फुगवला. “एकेकाची शेपटी बांधून देतो तुले.”

बंदर आले. आले ते पंगतीला बसावं तसे बसलेच. त्यातल्या थोराडानं मामाकडे पाहून दात विचकले. दंडावरचा वाघ जिना उतरून थेट न्हाणीघरात गेला आणि आतून कडी लागली. मागोमाग धावलेल्या अश्वजीतनं बंद दार पाहिलं आणि पलंगाखाली मुक्काम ठोकला.

तिथून त्याला दोन अनवाणी पाय दिसले, जिन्याकडे पळणारे. मग वरून थाळीवर लाटणं बडवल्याचा दणदणाट.

“हाड! हाड! आईची कंबर मोडली या कुरडया घालताना, अन् तुम्ही फुकट खाता काय!”

आई परतली तेव्हा एकता बादलीत पाय सोडून बसली होती आणि निम्म्या कुरडया शाबूत होत्या.

“बंदर आले होते? कोणी हाकलले?”

एकतानं भावाकडे पाहिलं. भेडाघाटसाठी त्याचा जीव टांगणीला लागलेला तिला दिसत होता.

“अश्वजीतनं.”

“शेर है मेरा भांजा!” न्हाणीघरातून निघालेला मामा टाळ्या पिटत म्हणाला.

आईनं चिकाची वाटी अश्वजीतच्या हाती दिली आणि एकताकडे वळली. “अन् तू काहून अनवाणी फिरून राहिली उन्हात? अक्कल आहे का? पाय पाहा कसे भाजले!”

एकतानं पाय बादलीत आणखी खाली घेतले. अश्वजीतनं पहिला घास घेतला. दुसरा वाटीतच राहिला. साखर कमी नव्हती. बादलीतले ते लाल तळवे काही केल्या नजरेआड होईनात.

“चल हीरो, गाडी काढतो,” मामानं किल्ली फिरवली.

अश्वजीत उठला आणि जागच्या जागीच उभा राहिला. “आई, मी नाही हाकलले. मी पलंगाखाली होतो. ताईनंच हाकलले.”

“अन् मामा?”

“मामा न्हाणीघरात. कडी लावून.”

“मी नळाले पाणी येते का ते पाहून राहिलो होतो,” मामा चष्मा पुसत म्हणाला.

“इतका वेळ?” आई म्हणाली. “गंगाच आणली असशील.”

एकता खुदकन हसली. अश्वजीतनं वाटी तिच्यापुढं ठेवली आणि बादलीतलं पाणी बदलायला उठला. तिच्याकडं पाहायची मात्र त्याची हिंमत होईना.

शेवटी हिशेब असा झाला: बंदर फुकटात जेवले, मामाची थोडी शोभा झाली, अश्वजीतचं भेडाघाट बुडालं. आणि सगळ्यांच्या वाटची किंमत मोजली ती एकताच्या तळपायांनी.