मोठ्या डावाची खुंटी

आमच्या स्वयंपाकघरात चहाची गाळणी घ्यायची तर तिच्या जागी आधी बिल्ला टांगावा लागतो. हे ऐकून लोक हसतात, आणि मग माझं तोंड बघून गप्प होतात.

ही करामत माझ्या सासऱ्यांची. एकतीस वर्षं ते बसदुरुस्तीच्या कारखान्यात हत्यारांचे स्टोअरकीपर होते. कामगाराला पाना हवा असेल तर त्याने आपल्या नंबराचा पितळी बिल्ला त्या पान्याच्या खुंटीवर अडकवायचा, पाना परत केला की बिल्ला काढून घ्यायचा. कुठली वस्तू कोणाकडे आहे, हे भिंतीकडे नुसतं पाहून कळायचं. निवृत्त झाल्यावर ते आपल्या गावी एकटेच राहत होते. मागच्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरून पडले आणि चार तास तसेच पडून राहिले, तेव्हा नवरा त्यांना आमच्याकडे घेऊन आला.

पंधरा दिवस त्यांनी खुर्चीत बसून माझ्या स्वयंपाकघराचं निरीक्षण केलं. मग एका रविवारी आम्ही तिघं बाहेर गेलो, आणि परत आलो तर माझं स्वयंपाकघर गायब.

भांडी होती हो, पण मी ठेवली होती तिथे एकही नव्हतं. माझी पद्धत म्हणजे हात जाईल तिथे ठेवायचं. कढईत पातेलं, पातेल्यात वाट्या, वाट्यांत किसणी, आणि झाकणं जिथे मावतील तिथे. आता भिंतीवर एक मोठा लाकडी फळा होता. त्यावर खुंट्या, खुंटीखाली त्या त्या वस्तूची रंगवलेली आकृती. झाऱ्याच्या जागी झारा, उलथन्याच्या जागी उलथनं, आमटी वाढायच्या डावाच्या जागी डाव. झाकणं खालच्या कप्प्यात आकाराप्रमाणे उभी. शेजारी एका डब्यात बिल्ले, प्रत्येकाच्या नंबराचे आठ-दहा. एक नंबर त्यांचा, दोन नवऱ्याचा, तीन माझा आणि चार आमच्या ठमीचा, म्हणजे माझ्या मुलीचा.

"आता काही शोधावं लागणार नाही, सूनबाई," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला काही बोलवेना.

आणि त्या दिवसापासून मला काहीच सापडेना. दूध उतू जातंय, माझ्या हातात तीन नंबरचा बिल्ला, आणि चिमटा कुठे ते आठवत नाही. कधी चिमटा घ्यायचे नि बिल्ला चुकून गाळणीच्या खुंटीवर अडकवायचे. नवरा बिल्ला नको म्हणून नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायला लागला. ठमीला मात्र सगळा फळा तोंडपाठ. मी एका लॅबमध्ये रक्त घेते. तिथे एका नळीवर भलत्याची चिठ्ठी लागली तर अनर्थ होईल, म्हणून दिवसभर डोळ्यांत तेल घालून मी चिठ्ठ्या लावते. घरी तरी मला कोणी नंबर विचारू नये, एवढंच माझं मागणं होतं.

एकदा ठमीने त्यांना विचारलं, "आजोबा, वस्तू हरवली तर?"

"ज्याचा बिल्ला त्याच्या माथी. दुसऱ्याच्या बिल्ल्याला कोणी हात लावायचा नाही."

"पण तो माणूस चांगला असेल तर?"

"तर मी त्याचा बिल्ला काढून माझा लावायचो. तो सुटायचा. एकतीस वर्षांत दोनदाच लावला." मी तेव्हा बुडाला लागलेली भाजी खरवडत होते, अर्धवट ऐकलं.

शनिवारी आमच्या लॅबच्या डॉक्टरबाई घरी आल्या. बाई बशीत बिस्किट ठेवतात न ठेवतात तोच सासरे दारात उभे.

"सूनबाई, मोठा डाव नऊ दिवस तीन नंबरवर आहे."

"मी परत केलाय, बाबा."

"बिल्ला खुंटीवर आहे."

"मग तुमचा फळा खोटं बोलतोय."

"फळा खोटं बोलत नाही."

माझं डोकंच फिरलं. "हे घर आहे, तुमचं स्टोअर नाही!" मी म्हटलं. "चारचौघांत मला चोर ठरवायला नाही आणलं तुम्हाला इथे!"

'आणलं' हा शब्द तोंडातून निघाला आणि मलाच बोचला. पण परत घ्यायलाही जमेना. बाई चहा अर्धा टाकून उठल्या. सासरे आत गेले, आणि रविवारी दिवसभर "हो" नि "नको" यापलीकडे बोलले नाहीत.

सोमवारी सकाळी साडेपाचला उठले तर त्यांची गादी गुंडाळलेली. बॅग नाही, चपला नाहीत. फोन टेबलावर.

स्वयंपाकघरात सगळं जागच्या जागी होतं. माझा बिल्ला माझ्या चहाच्या कपात पडला होता. मोठ्या डावाच्या खुंटीवर एक नंबरचा बिल्ला टांगलेला होता, आणि डाव नव्हता.

मी बघतच राहिले. एक नंबर म्हणजे ते. म्हणजे डाव त्यांच्याकडे? इतके दिवस त्यांच्याचकडे होता आणि मला बोल लावला? की रागाच्या भरात माझा डाव घेऊन गावी निघून गेले? सत्तरीचा माणूस बॅगेत डाव घालून घर सोडतो, असं कुठे असतं का?

नवरा डोळे चोळत म्हणाला, "फिरायला गेले असतील."

"बॅग घेऊन?"

मग तोही घाबरला आणि शर्टाची बटणं लावत बागेकडे धावला. मला लॅबला जाणं भाग होतं, उपाशीपोटी आलेली बारा माणसं ताटकळत होती. पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका आजींना दोनदा टोचूनही शीर सापडेना. "मुली, तुला बरं नाही का?" त्यांनीच मला विचारलं. माझ्या ॲप्रनवर थेंब पडले म्हणून दुसरा घ्यायला मी माझं कपाट उघडलं.

ॲप्रनच्या मागे कापडी पिशवी होती. डॉक्टरबाईंच्या वाढदिवसाला मी सगळ्यांसाठी सूप करून नेलं होतं, त्या दिवसाची. पिशवीत मोठा डाव. सूप वाळून त्याला घट्ट चिकटलेलं.

मी तिथेच स्टुलावर बसले. डाव माझ्याकडे होता, फळ्यावर खरं तेच होतं. आणि त्यांना डाव मिळाला नव्हताच. त्यांनी फक्त माझा बिल्ला काढून त्यांचा लावला होता. मला सोडवून ते गेले होते. मला इतकी लाज वाटली की रडूसुद्धा येईना.

त्यांच्या गावची बस दिवसातून एकच, दहाला सुटते. मी बाईंना कसंबसं सांगितलं आणि पिशवीसकट पळाले.

स्टँडवर शेवटच्या बाकावर ते बसले होते, बॅग पायांत धरून. मला पाहून घड्याळाकडे बघितलं.

"तू कामावर नाहीस?"

मी डाव बाहेर काढला. शेजारच्या दोघी माझ्याकडे टकामका बघायला लागल्या.

"माझ्याच कपाटात होता, बाबा. मीच नेला आणि विसरले."

"सापडला ना? मग झालं. खुंटीवर लाव आणि माझा बिल्ला काढून टाक."

"मी नाही काढणार."

"का?"

"दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, हा नियम तुमचाच आहे. तुमचा बिल्ला तुम्हीच येऊन काढा."

त्यांनी बॅगेची चेन उगाच ओढून पाहिली. मग हळूच म्हणाले, "तुला तिथे काही सापडत नाही, सूनबाई. तुझं घर आहे ते. मी उगाच हात घातला."

"नाही सापडत, अजूनही नाही सापडत. पण सकाळी तुमची गादी बघितली आणि तुम्ही बाथरूममध्ये पडलेले दिसलात मला. तिथे गावी, एकटे. मी परवा बोलले ते चुकलं, बाबा. तसं बोलायला नको होतं."

बस फलाटाला लागली. कंडक्टर गावांची नावं ओरडायला लागला, माणसं उठली. सासरे उठले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून डाव घेतला, उजेडात धरला आणि नखाने थोडं सूप खरवडून पाहिलं.

"हा असा जमा करून घेता येत नाही," ते म्हणाले. "वस्तू स्वच्छ लागते."

"मी घरी जाऊन घासते."

"नुसतं घासून नाही निघायचं. तासभर गरम पाण्यात ठेवायला हवा."

एवढं बोलून त्यांनी बॅग माझ्या हातात दिली, डाव स्वतःकडे ठेवला आणि बसकडे न बघता फाटकाच्या दिशेने चालू लागले.