चित्रातल्या बाईचा हात

जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या बाईंना सारं संग्रहालय 'डॉक्टरीणबाई' म्हणायचं. त्या दिवशी मात्र त्यांना रोगी बरा करायचा नव्हता, त्याचा हातच कापायचा होता.

सुईत दोरा ओवणाऱ्या बाईचं ते चित्र. चेहरा असा, की बघणाऱ्यानं बघतच राहावं. पण सुई धरलेला हात? बोटं कसली, मुळेच ते! कुणा उपटसुंभानं तो मागाहून घुसडलाय, असं सगळ्यांचं मत होतं.

"पुसून टाका. खाली मूळचा हात असेल," संचालक म्हणाले. "संध्याकाळपर्यंत होईल ना?"

"न व्हायला काय झालं!"

डॉक्टरीणबाई सकाळपासून घाईतच होत्या. अर्धांगानं आईची उजवी बाजू गेलेली, तरी ती सकाळी घरी डाव्या हातानं स्वतःचा भांग पाडत बसली होती. "दे इकडे, मला उशीर होतोय," म्हणत त्यांनी तिच्या हातातून फणी ओढून घेतली होती.

कापसाचा बोळा द्रावात बुडवण्याआधी त्यांनी सवयीनं भिंग लावलं. चेहऱ्यावरचे फटकारे सगळे उजवीकडे झुकलेले, हातावरचे डावीकडे. रंग मात्र तोच, तितकाच जुना. एका भेगेतून निरखून पाहिलं, तर खाली दुसरा हात नव्हताच. कोरा कॅनव्हास होता.

बोळा हातातच राहिला. या चित्रकारालाही शेवटी अर्धांग झालं होतं. त्यानंतर त्यानं कुंचला धरलाच नाही, असं पुस्तकं सांगत. कशाचं काय! पठ्ठ्यानं कुंचला डाव्या हातात घेतला होता आणि उरलेली, सगळ्यात अवघड जागा स्वतःच पुरी केली होती. केवढी ही जिद्द! बाईंचे डोळे भरून आले.

त्यांनी संचालकांना बोलावून सगळं दाखवलं. ते बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. "आणि आपण याला उपटसुंभ म्हणत होतो," ते हळूच म्हणाले. "राहू दे बाई. त्या हाताला हात लावू नका."

संध्याकाळी त्या घरी आल्या, तर आई पुन्हा आरशापुढे होती. भांग पायवाटेसारखा वाकडातिकडा. लेकीला पाहताच तिनं फणी पुढे केली. "घे, कर सरळ."

बाईंनी फणी घेतली नाही. त्या आईपुढे पाठ करून बसल्या आणि आपले केस सोडले.

"आता माझा पाड."

"वाकडा होईल गं."

"होऊ दे. उद्या तसाच घेऊन कामावर जाणार आहे."