आठवं मत

शनिवारी सकाळी साडेदहाला मी आमच्या पक्षाच्या विरोधात मत टाकलं, आणि संध्याकाळी त्याच पक्षाच्या माणसांसाठी अंड्याची सँडविचं करत बसले. कडा कापून, त्रिकोणी. माणसाचं मन असं असतं, आणि माझं तर त्याहून वाईट आहे.

माझा नवरा वीबे जानेवारीत गेला. त्याआधी चाळीस वर्षं प्रत्येक निवडणुकीच्या संध्याकाळी आमच्या गावातली सगळी डावी मंडळी आमच्याच घरी निकालाची वाट बघायची. सगळी म्हणजे किती, तर नऊ. मॉर्डन हे मेंढ्यांचं गाव, टास्मानियाच्या पोटातलं. इथे कुंपणाचे खांबसुद्धा समोरच्या पक्षाला मत देतील. गेल्या दोन्ही देशपातळीवरच्या निवडणुकांत आमच्या सभागृहातल्या केंद्रावर पक्षाला बरोबर नऊ मतं पडली. ती कुणाची, हे अख्ख्या गावाला ठाऊक. गुप्त मतदान वगैरे मोठ्या शहरांत असेल.

वीबे गेला, म्हणजे यंदा आठ. हिशोब सरळ होता. आणि सात आली, की उरलेले आठ जण एकमेकांकडे बघणार होते. मला चेहरा लपवता येत नाही. तो दगा मी दिलाय हे आमच्यातल्या मर्वला सगळ्यात आधी कळलं असतं, आणि त्यानं ते हसत हसत सगळ्यांना सांगितलं असतं. या माणसांनी वीबेची शवपेटी खांद्यावर नेली होती. त्यांच्याशिवाय या गावात माझ्या दारात कोण येतं?

मग टाकलं का तसं मत, असं कुणीही विचारेल. चाळीस वर्षं हा माणूस थंडीत सभागृहाच्या फाटकाशी उभा राहून पक्षाची प्रचाराची कार्डं वाटत होता. शेवटच्या खेपेला तर छातीत कफ भरलेला असताना. त्याच्या अंत्यविधीला पक्षातून कुणी आलं नाही. एक ओळ नाही, एक फूल नाही. मार्चमध्ये मात्र छापील पत्र आलं: ‘प्रिय वीबे, यंदाही फाटकापाशी उभा राहशील ना?’ अंत्यविधीला आला होता कोण, तर समोरच्या पक्षाचा उमेदवार, फिंच. साठ किलोमीटर गाडी हाकत आला, मागच्या रांगेत बसला, आणि सगळे गेल्यावर बाह्या सारून सभागृहाच्या मोरीत चहाचे कप धुवायला उभा राहिला. मी त्याच्या शेजारी कप पुसत होते. तो राजकारणाचं एक अक्षर बोलला नाही.

हे झालं एक कारण. दुसरं जुनं आहे. सकाळी केंद्रात मतदारयादी घेऊन बसलेल्या मुलीनं मला विचारलं, “या निवडणुकीत आधी मत दिलंय का तुम्ही?” सगळ्यांनाच विचारतात ते. मी नाही म्हटलं, आणि मनात आलं की या निवडणुकीतच काय, कधीच दिलेलं नाही. इथे शिक्का मारत नाहीत, प्रत्येक उमेदवारापुढे पसंतीचा आकडा लिहायचा असतो. चव्वेचाळीस वर्षं वीबे सांगेल तिथे ते आकडे लिहिले. कधी जबरदस्ती केली नाही त्यानं, आवाज चढवला नाही. त्याला ठाऊकच असायचं, आणि मला ठाऊक नाही असं तो धरून चालायचा.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे दोरीला बांधलेली पेन्सिल होती. सभागृहात तोंडातून वाफ निघत होती, दाराच्या कडीला हात चिकटत होता, पण ती पेन्सिल कोमट होती, जणू आत्ताच कुणाच्या तरी हातातून सुटलेली. माझ्याआधी बराच वेळ तिथे कुणी उभं नव्हतं. मी फिंचपुढे एक लिहिला, आमच्या पक्षापुढे आठ, आणि मधल्या सहा चौकोनांत वरून खाली आकडे भरत गेले. सगळे भरावे लागतात, एक राहिला तरी मत बाद. दोनदा तपासलं. घडी घालून पेटीत टाकलं, आणि बाहेरच्या ठेल्यावर कांदा घातलेलं सॉसेज खाल्लं. खरं सांगते, फार छान वाटलं.

सहाला मतदान संपलं तेव्हा अंधार पडून तास उलटला होता आणि नदीवरून धुकं चढत चढत आमच्या पायरीपर्यंत आलं होतं. माझ्याकडे मर्व होता, आयुष्यभर मेंढ्या कातरून कमरेत वाकलेला. टॅम्सिन होती, पलीकडच्या गावच्या दवाखान्यातली नर्स, वयाने आमच्यात सगळ्यात लहान. मधमाश्या पाळणारं जोडपं होतं, आणि खाणीवरचे दोघे भाऊ, जे आपसातसुद्धा बोलत नाहीत. आठवी ग्लेनिस, निवृत्त शिक्षिका. ती पक्षाची प्रतिनिधी म्हणून सभागृहात मोजणीवर नजर ठेवायला बसली होती. कागदाला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. बघण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

“ग्लेनिस तिथे आहे म्हटल्यावर काळजी नाही,” मर्व म्हणाला. “माझ्या चारही पोरांचे पाढे तिनं तपासलेत. चुकलेला आकडा तिला वासावरून कळतो.”

“तिकडचं सोड, इकडे बघ,” टॅम्सिन टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. “क्वीन्सलंडात आपण मागे पडतोय. समोरचे आले तर आमचा वॉर्ड बंद, लिहून ठेव.”

“पहिल्या तासाला काय कळतंय? पर्थमध्ये अजून लोक रांगेत उभे आहेत.”

“गेल्या वेळी पण तू हेच म्हणालास, मर्व. आणि आपटलो.”

पडद्यावर पट्टे वरखाली होत होते आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे आजाऱ्याच्या छातीकडे बघावं तसं बघत होतो. शेकोटी चांगली पेटलेली होती, तरी खोली तापत नव्हती. मधमाश्यावाल्या बाईनं अंगावरचा कोट काढला नव्हता. सोफ्याच्या डाव्या टोकाला कुणीच बसलं नव्हतं. खाणीवरचे भाऊ दोन तास दाराशी उभे राहिले, पण तिथे बसले नाहीत. मीही त्यांना बसा म्हटलं नाही.

मर्वनं बिअर ओतायला घेतली आणि बोटानं माणसं मोजली. “आठ,” म्हणाला, आणि आठ ग्लास मांडले.

“सात,” टॅम्सिन म्हणाली. “ग्लेनिस कुठे आलीये?”

मर्वनं पुन्हा मोजलं, या वेळी ओठ हलवत. एकेकावर बोट नेलं. सोफ्याच्या डाव्या टोकापाशी त्याचं बोट थांबलं, आणि मग त्यानं हात खाली घेतला.

“स्वतःला दोनदा धरलं वाटतं,” तो म्हणाला. “म्हातारा झालो.” आठवा ग्लास त्यानं परत कपाटात ठेवला नाही, तसाच राहू दिला. मी सँडविचांवरचं फडकं काढलं, परत झाकलं. माझं सगळं लक्ष टॅम्सिनच्या फोनकडे होतं. देशाचं काय व्हायचं ते होवो, मला सभागृहातला एक आकडा हवा होता, आणि तो यायलाही नको होता.

सात वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. टॅम्सिननं वाचलं.

“ग्लेनिस म्हणते, आठ.”

“आठच्या आठ,” मर्व म्हणाला, आणि रिकाम्या जागेकडे ग्लास उंचावला. “वीबे, तुझी पलटण शाबूत आहे रे.”

मधमाश्यावाली रडायला लागली. मी हातातली थाळी टेबलावर ठेवली. सुटले, हा पहिला विचार. त्याच्या मागोमाग दुसरा: आठवं कुणाचं? मग मी स्वतःची समजूत घातली. गावात कुणीतरी गुपचूप आपल्याकडे वळलं असणार. पोस्टातली नवीन मुलगी असेल, शाळेतला मास्तर असेल. ज्या दिवशी मी सोडलं, त्याच दिवशी कुणीतरी धरलं. असं होऊ शकतं. तासभर मी या समजुतीवर काढला, आणि दोन सँडविचंही खाल्ली.

साडेआठला ग्लेनिस आली. कोटावर धुक्याचे थेंब, नाक लाल. टीव्हीवर तोवर वारं फिरलं होतं, सिडनीच्या बाहेरच्या जागा एकेक करून आमच्याकडे येत होत्या, पण तिनं तिकडे पाहिलंही नाही. सरळ माझ्याकडे आली आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. ग्लेनिस माणसांना हात लावत नाही. चाळीस वर्षांत तिनं माझा हात कधी धरल्याचं मला आठवत नाही.

“नोलीन,” ती म्हणाली, “मी पाहिलं ते.”

“काय पाहिलंस?”

“तुझं मत. बोलू नये, पण इथे परकं कोण आहे? सात मतपत्रिका आपापल्या अक्षरांतल्या. आणि आठवी आली, तर सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ.”

वीबे हॉलंडातून नऊ वर्षांचा असताना आला. इंग्रजी शिकला, शिव्या शिकला, क्रिकेटसुद्धा शिकला, पण सातच्या पोटात हॉलंडातल्यासारखी आडवी रेघ ओढायची त्याची सवय शेवटपर्यंत गेली नाही. मॉर्डनमध्ये दुसरं कुणी तशी रेघ ओढत नाही.

“आणि एकच्या आकड्याचं नाक तसंच लांब,” ग्लेनिस पुढे म्हणाली. “पेन्सिल इतकी दाबलेली की कागद मागून उठलेला. दुसरी पसंती त्या गाढवं सांभाळणाऱ्या अपक्ष बाईला. फिंचला आठ. अगदी त्याच्या क्रमानं, त्याच्या हातानं. त्याची आठवण म्हणून तू असं केलंस, आणि आम्हाला सांगितलंही नाहीस. मी तिथे सगळ्यांसमोर डोळे पुसले, नोलीन. मी.”

“एकूण किती मतं पडली?” मी विचारलं. माझा आवाज मलाच लांबून ऐकू आला.

“एकशे त्रेचाळीस. यादीत खुणा एकशे त्रेचाळीस, पेटीत कागद एकशे त्रेचाळीस. पहिल्या फटक्यात जुळलं.”

म्हणजे पेटीत जास्तीचा कागद नव्हता. आणि बाकीचे सात माझ्यासमोर उभे होते, सातांच्या सात मतपत्रिका ग्लेनिसनं अक्षरावरून ओळखल्या होत्या. उरला तो कागद माझाच. ग्लेनिस बरोबर बोलत होती, ते मत माझंच होतं. फक्त मी लिहिलं होतं ते त्यावर नव्हतं.

मग मी सांगितलं. आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, हे मला कळत होतं.

“मी फिंचला मत दिलं,” मी म्हटलं. “एक फिंचला. आठ आपल्याला. माझ्या हातानं, माझे आकडे. सातला रेघ ओढली नाही.”

मर्व हसला, मग माझं तोंड बघून थांबला. टॅम्सिन उठून जवळ आली आणि नर्सच्या सवयीनं तिनं माझं मनगट धरलं.

“नोलीन, तू आज काही खाल्लंयस का?”

“दोन सँडविचं. ऐका ना माझं. मला राग आला होता. त्या पत्राचा, आणि वीबेचाही. मला एकदा स्वतःचं मत द्यायचं होतं.”

“आणि दिलंसच की तू,” ग्लेनिस हळू म्हणाली. पहिलीतल्या पोराला समजवावं तशी. “बघ, तू फिंचला दिलं असतंस तर आपली सात झाली असती. आठ झाली. मी तीनदा मोजलीत. तुझ्या मनात आलं असेल तसं काही, कुणाच्या येत नाही? पण हातानं लिहिलंस ते मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“चार महिनेच झालेत,” मधमाश्यावाली म्हणाली. “माझ्या आईला तर वर्षभर भास व्हायचे.”

खाणीवरच्या भावांपैकी थोरला, जो कधीच बोलत नाही, तो म्हणाला, “तू आपलीच आहेस, नोलीन.”

दिवसभर मला भीती होती की ही माणसं मला पकडतील. आता मी स्वतःहून हात पुढे केले होते आणि ती मला सोडून देत होती, मायेनं, डोळ्यांत पाणी आणून. आकडा त्यांच्या बाजूनं होता. माझ्या बाजूनं फक्त मी होते.

तेवढ्यात टॅम्सिननं माझं मनगट सोडलं. टीव्हीवरचा माणूस सांगत होता की पर्थचे पहिले आकडे आले आहेत, आणि आता शंका उरलेली नाही. सरकार आमचं. टॅम्सिन गुडघ्यांवर बसली आणि तोंड दोन्ही हातांनी झाकून रडली. मर्वनं खाणीवरच्या दोघांना एकत्र मिठी मारली, कमरेची पर्वा न करता. मी आनंदी होते का? हो. वॉर्ड राहणार होता, टॅम्सिन राहणार होती. ते खरं आहे. तेवढ्यात माझी नजर सोफ्याकडे गेली. डाव्या टोकाची गादी दबलेली होती.

मी स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला धरून उभी राहिले. मघापर्यंत मला भीती वाटत होती. आता नुसता राग येत होता, इतका की दातावर दात आपटत होते. वाण्याच्या यादीची वही समोर होती. मी तिच्यावर एक ते आठ लिहिले, भराभर, सकाळसारखे. सात साधा आला. माझाच. म्हणजे सकाळी हात माझा चळला नव्हता आणि डोकंही ठिकाणावर होतं.

“ते माझं होतं, वीबे,” मी म्हटलं. “तुझी चाळीस वर्षं फाटकाशी, ती तुझी. ते एक माझं होतं. तो माणूस तुझ्यासाठी आलेल्यांचे कप धुवायला थांबला होता, तुला माहीत तरी आहे का?”

खिडकीची काच आतून धुरकटलेली होती. खोलीतली थंडी माझ्याबरोबर इथवर आली होती आणि माझ्या उजव्या खांद्यामागे उभी होती, अगदी जवळ. कागद भरताना माझ्या मागून वाकून बघायचा तो, तितकी जवळ. मी वळले नाही.

दारात ग्लेनिस आली. हातात भरलेला ग्लास होता.

“चल ना गं, सगळे थांबलेत. एकटीच काय बोलतेयस?”

“एकटी नाही,” मी म्हटलं. “भांडतेय. तुम्ही घ्या, मला वेळ लागेल.”

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या खांद्यामागे. तिचा चेहरा पांढरा पडला. ग्लास तिनं दाराजवळच्या फळीवर ठेवला आणि मागे सरली. मी जाऊन दार लावून घेतलं आणि परत ओट्यापाशी आले.

“हं,” मी म्हटलं. “आता बोल.”