रूपाच्या पोटची चांदी

आमच्या घरात दोन म्हशींची नावं घेतली जायची. एक मेलेली, एक जिवंत. मेलेलीचं जास्त.

मेलेली ती चांदी. माझ्या सासऱ्यांची, वनाआबांची. तापीकाठच्या जुन्या जातीची ती शेवटची म्हैस, असं धुळ्याहून येणारे डॉक्टर लोक म्हणायचे. शिंगं कोयत्यासारखी खाली वळलेली, गुडघ्यांवर तांबूस केस, कपाळावर पांढरा टिळा. वैशाखाच्या उन्हात दिवसभर हिंडली तरी धापा टाकायची नाही. ती जात काही साथीनं गेली नाही. मुऱ्हा आली, जाफराबादी आली, बादली भरून दूध द्यायला लागली, मग जुन्या जातीचा रेडा कोण पोसणार? आम्हीच ती संपवली आणि मग आम्हीच हळहळलो. हळहळायला काही खर्च येत नाही. चांदी म्हातारी होऊन मेली तेव्हा धुळ्याच्या एका संशोधन केंद्रानं तिच्या कानाचा बोटभर तुकडा कापून नेला आणि गोठवून ठेवला.

"कान लई गयात त्या," आबा मला म्हणाले. "म्हंजे ऐकत व्हई ती."

तेव्हापासून आबा संध्याकाळी ओट्यावर बसून धुळ्याच्या दिशेला तोंड करून चांदीशी बोलायचे. आधी हसू यायचं. मग सवय झाली.

जिवंत ती रूपा. ती माझी. माझ्या भावानं नशिराबादहून टेम्पोत घालून आणून दिली तेव्हा एवढीशी वगार होती, रस्ताभर घाबरून मुतत आली होती. माझ्याशिवाय कुणाला धार काढू द्यायची नाही. मी आजारी होते तेव्हा आमचे हे, म्हणजे भूपेंद्र, माझी साडी अंगावर घेऊन बसले धार काढायला. रूपानं आधी साडीचा वास घेतला, मग ह्यांचा घेतला, आणि मग लाथ मारली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या बाजूनं घरात कुणी पाय उचलला तो तेवढाच.

केंद्राची जीप आली ती चांदीसाठी. डॉक्टर हेमांगी नावाची तरणी मुलगी उतरली, चष्मा, पायात बूट. ओट्यावर बसून तिनं नीट समजावून सांगितलं. चांदीच्या कानाच्या पेशीतून गर्भ तयार करायचा आणि दुसऱ्या म्हशीच्या पोटात वाढवायचा. जी वगार होईल ती म्हणजे हुबेहूब चांदी. गेलेली जात परत येणार.

"दुसरी म्हैस म्हणजे?" मी विचारलं.

"तुमची रूपा, काकू. तब्येत छान आहे तिची."

"मग रूपा त्या वगारीची कोण?"

"तसं पाहिलं तर कुणी नाही. रूपा फक्त वाढवणार."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "दहा महिनाकरता खोली देनी शे. त्यामा इतला काय इचार करस व?"

म्हैस माझी होती, पण गोठा आबांचा होता. विषय संपला.

रूपाचे दिवस भरत आले तसं तिचं पोट बघवेना. पारडू फार मोठं झालंय, असं हेमांगीच सांगायची, अशा गर्भाचं असं होतं म्हणायची. व्यायला चार माणसं लागली. दोन ओढायला, एक धरायला, आणि मी रूपाच्या तोंडाशी, तिच्या कानात काहीबाही बडबडत. वगार बाहेर पडली आणि मी गोणपाटानं तिचं अंग पुसलं, तर कपाळावर पांढरा टिळा. आबा मटकन खाली बसले. "चांदीच शे! बठ्ठी चांदीच शे!" ऐंशीच्या घरातला माणूस लहान पोरासारखा रडत होता. सगळे त्यांच्याकडे आणि वगारीकडे बघत होते. रूपाची जखम शिवायची राहिली होती हे मलाच सांगावं लागलं.

पण रूपाला कुणी सांगितलं नव्हतं ना, की ती या वगारीची कुणी नाही म्हणून. टाके ओले असताना उठून उभी राहिली आणि तिनं पोरीला चाटून चाटून चकचकीत केलं. पान्हा असा फुटला की खालची जमीन ओली.

वगार आठवडाभरही जगली नाही. छाती भरत नव्हती तिची. श्वास घ्यायची तेव्हा कुणीतरी सुपात दाणे घोळवतंय असा आवाज यायचा. एका दुपारी तो थांबला.

आमच्याकडे पारडू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरतात आणि ते म्हशीपुढं उभं करतात. म्हैस त्याचा वास घेते, त्याला चाटते, आणि पान्हा सोडते. तिला फसवतो आपण, खरंय. पण तिलाही फसायचं असतं. हळूहळू दुःख विरतं, मग पेंढा काढून टाकला तरी चालतो. धरणगावचे इसाकभाऊ हे काम करतात. मी त्यांना फोन केला आणि रूपासाठी हिरवा चारा कापायला वावरात गेले.

परत आले तर गोठ्यात रूपा एकटी. केंद्राची गाडी येऊन गेली होती. आबांनी स्वतःच्या हातानं वगार उचलून गाडीत ठेवली होती. वर सांगून पाठवलं होतं, "लई जा. जपी ठेवा. आनि परत तयार करा तिले."

कुणाचं पारडू मेलं तर ते आधी त्याच्या आईपुढून हलवायचं नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण आबांच्या लेखी पारडू मेलंच नव्हतं. चांदी दुसऱ्यांदा मेली होती, आणि एकदा परत आलेली परत येऊ शकते.

तेवढ्यात इसाकभाऊ सायकलवरून आले, पिशवीत सुरी आणि मीठ.

"कुठं आहे बच्चा?"

"धुळ्याला गेला."

"मरून?"

"मरून."

"घ्या!" इसाकभाऊंनी सायकल स्टँडला लावली. "इथं जित्या माणसाला धुळ्याची एसटी मिळेना, मेलेल्याला मोटार." मग त्यांनी रूपाकडे पाहिलं, आणि पुढची थट्टा गिळली.

मी आबांना म्हटलं, "आबा, पारडू तिचं होतं."

"तिनं पारडू कसं काय? चांदी व्हती ती. रूपाना काय संबंध?"

रूपा हंबरायला लागली ती थांबेना. सरकीची ढेप पुढे ठेवली, तोंड फिरवलं. पान्हा चोरून धरला. कास दगडासारखी झाली, मी हात लावला की तिचं अंग थरथरायचं. गावच्या डॉक्टरनं सुई दिली, उपयोग नाही. आठवड्यात हाडं मोजता येतील अशी झाली.

"पुढच्या बाजारी नेऊ," हे म्हणाले. "आटली ती आता."

आटलेली म्हैस बाजारात कोण घेतं आणि कशाला घेतं, ते सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कुणी बोलत नाही. मी दुसऱ्या दिवशी पारोळ्याला गाडी बदलून धुळं गाठलं. कातडं मागायला.

केंद्र हायवेच्या अलीकडे. दारातच काचेची भलीमोठी पेटी. आत वगार उभी होती. टिळा, तांबूस गुडघे, सगळं. डोळे काचेचे, आणि आमच्या वगारीच्या डोळ्यांपेक्षा जास्त हुशार. खाली पाटी: 'विलुप्त वाण परतले'. फीत बांधलेली होती, कापायची बाकी होती.

हेमांगी धावत आली. "काकू, आधी कळवायचं ना."

"मला हिचं कातडं हवंय. महिनाभरासाठी. आणून देईन परत."

तिनं पेटी उघडली. मी वाकून वास घेतला. दवाखान्याचा वास. रंगाचा वास. वगारीचा नाही, म्हशीचा नाही, जनावराचाच नाही. रूपा हिच्याकडे वळूनही बघणार नव्हती.

मी तिथंच पायरीवर बसले. हेमांगी शेजारी बसली. शिरपूरकडची पोर, तिलाही ठाऊक होतं सगळं. "माझी आजी पण करायची," म्हणाली. "पेंढ्याचं पारडू. मी लहानपणी त्याच्याशी खेळायचे. मी केंद्राच्या सरांना म्हटलं होतं, म्हशीचा विचार करू या. ते म्हणाले, मग काचेत काय ठेवायचं?"

मग ती मला मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथं गादीवर एक वगार पडली होती. तोच टिळा.

"हीही चांदीच," हेमांगी म्हणाली. "आम्ही गर्भ चार म्हशींत ठेवले होते. हिला वाढवणारी म्हैस परवा विताना गेली. ही बाटलीनं पीत नाही. पावडरच्या दुधावर जगणार नाही, काकू."

इकडे आईवाचून पोर, तिकडे पोरीवाचून आई. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सांगावं लागलं नाही.

"दुसऱ्याचं पोर ती घेईल का?" मी म्हटलं.

"पहिल्या वगारीच्या वासाचं काही ठेवलंय?"

गोणपाट. मी धुतलं नव्हतं. का धुतलं नव्हतं ते मलाही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी हेमांगी जीपमधून वगार घेऊन आली. गोठ्याबाहेर ही गर्दी, जसं काही नवरी उतरतेय. आम्ही वगारीचं अंग त्या गोणपाटानं खसाखसा चोळलं, पाठीवर गूळ आणि मीठ लावलं, आणि रूपापुढं सोडली. रूपानं फुस्स केलं. मागे सरली. मग मान लांब करून हुंगलं. कितीतरी वेळ हुंगत होती. कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि मग तिनं जीभ बाहेर काढली.

पान्हा फुटला तसा वगारीच्या नाकातोंडावर फेस आला. पीत होती, ठसकत होती, परत पीत होती. रूपानं तिला चाटता चाटताच बाजूच्या ढेपेत तोंड घातलं. इतक्या दिवसांनी. मी भिंतीला टेकून रडले, आणि माझ्या शेजारी हेमांगीही. आबा मात्र फक्त "चांदी, चांदी" करत वगारीचे पाय दाबत होते.

हेमांगी बाहेर जाऊन फोनवर बोलून आली. आली ती खाली बघतच.

"वगार इथं ठेवता येणार नाही, काकू. केंद्राची आहे. सर म्हणतात, गोठ्यात काही लागण झाली तर?"

"मग दूध?"

"रूपाला पाठवा म्हणतात."

"वगार मोठी होईपर्यंत ना?"

ती खोटं बोलायला शिकलेली नव्हती अजून. "ती झाली की आणखी गर्भ ठेवायचे आहेत. रूपा हा एवढा मोठा गर्भ पेलून जगली. बाकीच्या नाही जगल्या. म्हणून तीच हवी आहे त्यांना."

"न्या!" आबा एकदम म्हणाले. "चांदी जगाले पाहिजे."

बाजारात हिंडायचं वाचलं, एवढंच ह्यांच्या तोंडावर होतं.

मला 'नाही' म्हणता आलं असतं. म्हैस माझी होती, आणि या वेळी गोठ्याच्या दारात मी उभी होते. पण वगार जीपमध्ये चढवली की रूपा पुन्हा हंबरणार होती, आणि बाजार चार दिवसांवर होता. तिचा पान्हा परत यावा म्हणून मी जिवाचं रान केलं होतं. तो आला, आणि तिला घेऊन चालला.

टेम्पो मागवला. रूपा फळीवर पाय ठेवीना. दोन गड्यांनी ओढली, ढकलली, एकानं शेपूट पिरगाळली. मी त्याचा हात झटकला, पुढं झाले आणि तिचं दावं हातात घेऊन आधी स्वतः चढले. माझ्यामागे ती गरीब गाईसारखी वर आली. मग वगार आणून तिच्या पुढ्यात ठेवली. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला. तिनं माझा हात बाजूला सारला. माझ्या हातामुळे वगार तिला दिसत नव्हती.

मी खाली उतरले आणि टेम्पो वळणावर जाईपर्यंत उभी होते. ती हंबरली नाही. एकदाही नाही. पोर पुढ्यात असताना कशाला हंबरेल?

संध्याकाळी आबा ओट्यावर बसले होते, धुळ्याच्या दिशेला तोंड करून, भलतेच खुशीत. मी त्यांच्या पुढ्यात कप ठेवला. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काळा चहा काबर व? दूध नही शे का?"

"चांदी पी गयी, आबा."

"पिऊ दे, पिऊ दे," आबा म्हणाले, आणि साखर मागितली.