एका जायफळाची भाऊबीज

कॉफी जमली तर नीराबाईला आईची नथ मिळणार होती. सात मोती, मधे तांबडा खडा आणि वर अकरा वर्षांचा साठलेला राग, असा तो ऐवज. कॉफी फसली तर दरवर्षीचे दोन रुपये आणि एक खण, तोही असा की चोळी शिवायला काढला की एका काखेला हमखास कमी पडायचा.

नथ होती भावजयीच्या, म्हणजे सत्यवतीच्या नाकात. लग्नात चढली ती तिथेच राहिली. आई जाताना म्हणाली होती, "नथ नीरेची." पण ते ऐकायला खोलीत नीराबाईशिवाय दुसरं कोणी नव्हतं, आणि जिचा फायदा तिचीच साक्ष धरण्याइतकं किहीम गाव भोळं नव्हतं. भावाकडे सरळ तोंड उघडावं तर माहेर तुटायची भीती. भाऊबीजेची गोष्ट मात्र वेगळी. त्या दिवशी तबक पुढे धरून बहिणीने मागावं, भावाने द्यावं, त्याला कोणी हाव म्हणत नाही. आणि तबकात एकदा पडलं ते परत उचलायची रीत नाही.

भाऊ बाळाजी मुंबईला मशीद बंदरावर एका गोदामात कारकून होता. माणूस वाईट नव्हता. मूठ तेवढी जन्मतःच मिटलेली होती आणि ती उघडून बघायचं कोणाला सुचलं नव्हतं. त्या साली दिवाळीआधी त्याचं कार्ड आलं. नीराबाईच्या नवऱ्याने, रावजीने, ओट्यावर बसून ते अक्षराला अक्षर लावत वाचलं: "पाडव्यालाच सहकुटुंब येत आहोत. चहा सोडला आहे. हल्ली आम्ही सणावाराला मसाल्याची कॉफीच घेतो."

"कॉफी म्हंजे काय असतं वो?" नीराबाईने विचारलं.

"चहाच. पण पगार वाढला की त्याला कॉफी म्हणतात," रावजी म्हणाला आणि कार्ड छपरात खोचून वाडीत शिंपण करायला गेला.

नीराबाई मात्र तिथेच बसून आकडे जुळवू लागली. तीन वर्षांमागे तिने अळूवड्या केल्या होत्या, बाळाजीने सात खाल्ल्या, आणि त्या साली दोनाचे अडीच झाले होते. गेल्या साली नुसता चहा दिला. "चहा का?" असं तो म्हणाला आणि अडीचाचे पुन्हा दोन झाले. म्हणजे त्याच्या मुठीची वाट जिभेवरून जाते, हे उघड होतं. अळूवडीला आठ आणे, तर कॉफीला नथ का नाही?

कॉफी या विषयावर बोलायचा अधिकार अख्ख्या गावात एकट्या वेणूबाईला होता. शेजारच्या वाडीतली ही बाई समुद्राकडच्या एका शेटजींच्या बंगल्यावर दोन वर्षं स्वयंपाकाला मदतनीस होती, आणि त्या दोन वर्षांवर तिने पुढची सहा वर्षं काढली होती. तिच्याकडे डब्यात पूड होती, कपबश्या होत्या. त्यातल्या एकाला कान नव्हता, पण तो कप ती पाहुण्याला देत नसे. तिने आपला भाव सांगितला: बारा नारळ, आणि पातेलं उतरलं की पहिला कप तिचा.

भाऊबीजेच्या सकाळी दोघी चुलीपुढे बसल्या. म्हशीचं दूध उकळत होतं, वेलदोडे कुटून झाले होते. वेणूबाईने कनवटीतून जायफळ काढून सहाणेवर ठेवलं.

"किती उगाळू?" नीराबाईने विचारलं.

"अख्खं."

"अख्खं? वेणूबाय, रांगत्या पोराला आम्ही दोन वेढे देतो तर पोर दुपारभर उठत न्हाय!"

"ते पोर, नीरे. हा बाप्या. आन् डोकं चालव जरा. कॉफीने झोप उडते, व्हय का न्हाय?"

"व्हय म्हणतात."

"आन् जायफळाने झोप येते. एक उडवतंय, एक आणतंय. फिटंफाट! म्हणून तर बंगल्यावर दोन्ही एकत्र घालत. उगाच न्हाय घालत मोठी लोकं."

नीराबाईला हा हिशेब पटला. ज्यात जमा आणि खर्च सारखे येतात तो हिशेब तिला नेहमीच पटत असे. तिने मनगट दुखेपर्यंत अख्खं जायफळ उगाळलं. तो दाट तांबूस लेप चार कपांच्या पातेल्यात गेला. साखर पडली, फडक्यातून गाळणं झालं, आणि असा वास सुटला की परसात रावजीचे बैलसुद्धा मान वळवून बघू लागले.

त्या घरात रीत अशी की भावाला ओवाळल्याशिवाय बहिणीने पाण्यापलीकडे तोंडात काही घालायचं नाही. म्हणून नीराबाईने स्वतःची कॉफी चाखलीच नाही. सत्यवतीनेही नाही, कारण तिचाही भाऊ, दोन मासेमारी मचव्यांचा मालक भागोजी, थळला तिची वाट बघत होता. जोशीबोवांनी सांगून ठेवलं होतं की दुपार कलली की बीज संपली. तेव्हा इथलं ओवाळणं उरकायचं, रावजीने बैलगाडी जोडायची, आणि दुपारच्या आत थळ गाठायचं, असा बेत होता.

अभ्यंग आटोपून बाळाजी ओटीवर येऊन बसला. पहिल्याच घोटाला त्याचे डोळे मिटले.

"अक्का," तो म्हणाला, "याला म्हणतात कॉफी."

"मुंबईला तुमच्याकडे करतात तशी झाली ना रे?"

"मुंबईला कुठली, वन्सं!" सत्यवती दारातून म्हणाली. "लक्ष्मीपूजनाला गोदामाच्या शेटजींच्या पेढीवर बशीभर मिळते. त्यातली निम्मी यांच्या सदऱ्यावर सांडते."

"तू गप गं," बाळाजी म्हणाला, आणि आपल्याला सवय असल्याचं दाखवायला त्याने दुसरा कप घेतला. रावजीने "चहा करपलाय" एवढं मत दिलं, पण साखर वाया जाऊ नये म्हणून कप रिकामा केला आणि तो गाडी जोडायला गेला. वेणूबाई आपला पहिला कप चुलीपाशी फुंकून फुंकून पीत होती.

तबक तयार होतं. नीराबाईने तेव्हाच ओवाळलं असतं तर ही गोष्ट दोन रुपयांतच आटोपली असती. पण तिने विचार केला, कॉफी जरा अंगात उतरू दे. म्हणून फराळ वाढला. मग आणखी चकली आणली. मग निरांजन पुन्हा चिंचेने घासायला घेतलं.

"वन्सं, आणखी घासलंत तर भोक पडेल त्याला," सत्यवती उन्हाकडे बघत म्हणाली. "थळ काही पुढच्या आळीत नाही."

"सणाचं काळं निरांजन बरं दिसतं का?" नीराबाईने घासणं चालूच ठेवलं.

आणि खरंच कॉफी उतरत होती. बाळाजीची जीभ जड झाली, आवाज मऊ झाला. "अक्का, तू मला कडेवर घेऊन समुद्रावर न्यायचीस," तो म्हणाला. "मी तुझ्या पाठीवर वाळू टाकायचो. आणि मोठा झाल्यावर मी तुला काय दिलं गं? दोन रुपये."

"आणि खण," नीराबाई म्हणाली. हिशेबात राहून गेलेलं तिला चालत नसे.

बाळाजीचे डोळे भरून आले. "आज माग तू. पाहिजे ते माग. हा बाळाजी नाही म्हणणार नाही."

नीराबाईने धावत जाऊन वात पेटवली. तबक घेऊन ती पाटापुढे उभी राहिली. अकरा वर्षं जे घशाशी होतं ते ओठांवर आलं. "बाळा, आईची..."

बाळाजी घोरला.

आधी वाटलं, हुंदका असेल. मग दुसरा आला, तिसरा आला, आणि त्याचं डोकं मागे भिंतीला टेकलं. दोघींनी हाका मारल्या, डोळ्यांना पाणी लावलं, नाकापुढे फोडलेला कांदा धरला. एकदाच त्याचे ओठ हलले. "गोदाम बंद झालं," तो स्पष्ट म्हणाला, "उद्या या."

"भावोजींना बोलवा," सत्यवती म्हणाली. बाहेर गाडी जोडलेली होती, बैल रवंथ करत होते, आणि रावजी गाडीतल्या पेंढ्यावर तोंड उघडं टाकून निजला होता. नीराबाई स्वयंपाकघरात गेली. वेणूबाई चुलीपाशी आडवी झाली होती, आणि तिच्या घोरण्यातही बंगल्याची ऐट होती. नीराबाईने तिला गदागदा हलवलं.

"वेणूबाय! बंगल्यावर एका जायफळात माणसं किती प्यायची?"

"पंगत होती गं," वेणूबाई डोळे न उघडता म्हणाली. "तीस... पस्तीस..." आणि ती कुशीवर वळली.

नीराबाई ओटीवर आली. अख्ख्या घरात आता जाग्या अशा दोघीच होत्या. दोघी उपाशी, आणि मधे पेटलेलं निरांजन.

"ओवाळा तसंच," सत्यवती म्हणाली.

"निजलेल्याला ओवाळतात का गं? अभद्र दिसतं."

"मग मी जागा करते त्यांना." सत्यवती नवऱ्यामागे बसली, त्याच्या बगलेत हात घालून त्याला सरळ केलं आणि दोन बोटांनी त्याच्या पापण्या वर धरल्या. "झाले बघा जागे. ओवाळा."

नीराबाईने कुंकू लावलं, सुपारी आणि अंगठी उतरली, निरांजन ओवाळलं. बाळाजीच्या डोळ्यांतलं पांढरं तेवढं छपराकडे बघत होतं. सत्यवतीने त्याच्या कोटाच्या खिशातून दोन रुपये आणि खण काढून तबकात ठेवले. तबक खाली आलं नाही.

"ठेवा ना, वन्सं. उशीर होतोय मला."

"तो माग म्हणाला होता. तू ऐकलंस."

"ऐकलं. काय मागणार होतात?"

नीराबाईची नजर सत्यवतीच्या नाकावर होती, आणि ती तिने हलवली नाही.

ती नजर कुठे आहे ते सत्यवतीच्या ध्यानात आलं, आणि तिला हसू फुटलं. ते आवरता आवरेना, त्यामुळे बाळाजीच्या पापण्या सुटून मिटल्या. "अगं बाई! नथेसाठी एवढं शिजवलंत? मला नुसतं विचारायचं तरी! अकरा वर्षं नाक ओढलं जातंय माझं. रात्री काढून ठेवली की सकाळी घालवत नाही. पण हेच म्हणतात, घालच. चाळीत सांगून ठेवलंय ना, ही नथ यांनीच घडवली म्हणून!"

नीराबाईने मनात जमाखर्च मांडला. बारा नारळ, एक जायफळ, दुखरं मनगट. आणि जिला एका शब्दात विचारायचं, तिला कॉफीचा थेंबही पाजलेला नव्हता.

"मग दे," ती म्हणाली.

"देते की. पण फुकट नाही." सत्यवतीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. "मला थळला कोण नेणार? भावोजी तर पेंढ्यात. तुम्ही गाडी हाका."

"मी? भाऊबीजेच्या दिवशी? रस्त्यावरून?"

"रहाटाचे बैल रोज हाकता ना?"

"ते वाडीच्या कुंपणात!"

"मग नथ माझ्या नाकात बरी आहे."

ऊन पायरीवरून उतरत होतं. शेवटी नीराबाईने पदर खोचला. सत्यवतीने नथ काढली, नवऱ्याच्या पंजात ठेवली, त्याची मूठ मिटली, आणि तबकावर नेऊन एकेक बोट उलगडलं. टणकन आवाज झाला. जन्मात पहिल्यांदा बाळाजीची मूठ पूर्ण उघडली, आणि ती बघायला तो हजर नव्हता.

रावजीला गाडीतून उतरवायला वेळ नव्हता, म्हणून तो तसाच पेंढ्यावर राहिला. किहीमच्या रस्त्यावरून त्या दुपारी नीराबाई नाकात नथ घालून, तोंडात लाडू कोंबून, बैल हाकत निघाली. वाड्यावाड्यांच्या कुंपणांवर माणसं गोळा झाली.

"नीराबाय, रावजीला काय झालं गं?" शेजारची रघूची आई ओरडली.

"भाऊबीज झाली!" नीराबाईने बैलाच्या शेपटीला पीळ दिला.

थळला पोहोचल्या तेव्हा बीज जेमतेम शिल्लक होती. भागोजी पाटावर बसला. सत्यवतीने ओवाळायला वाकून तोंड पुढे आणलं आणि भागोजीची नजर तिच्या नाकावर अडकली. सणाचा दिवस आणि नाक भुंडं!

"सत्ये, नथ कुठाय?"

"दिली," सत्यवती खरं तेच बोलली.

"दिली? म्हंजे दाजीने गहाण..." त्याने हात वर केला. "पुढं सांगू नको. मी विचारणार न्हाय. मुंबईचा खर्च मला ठाव हाय. पण भागोजीची बहीण भुंड्या नाकाने बोटीत चढणार न्हाय. उद्या अलिबागेला सोनाराकडे चल. नऊ मोत्यांची करू. आन् हलकी करायला सांगू, नाक ओढायला नको."

सत्यवतीने मान खाली घातली. खरं बोलण्यात नऊ मोत्यांचा तोटा होता, त्यामुळे ती गप्प राहिली. नीराबाईने गाडीतून हे सगळं ऐकलं आणि तीही खोकली नाही.

बाळाजीला दिवेलागणीला जाग आली. बहिणीच्या नाकात नथ बघून त्याने आधी बायकोच्या नाकाकडे बघितलं.

"मी दिली?"

"स्वतःच्या हाताने," सत्यवती म्हणाली. "पाहिजे ते माग म्हणालात."

तेवढं त्याला आठवत होतं. त्याने तबकाकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, आणि हळूच विचारलं, "कॉफी उरली आहे का गं?"

आता कोणी काय भरलं ते बघू. रावजीचे बारा नारळ आणि एक दिवस गेला, वर गावभर झालेली थट्टा त्याने आठ दिवस ऐकली. वेणूबाईला पहिल्या कपापायी सणाचं जेवण चुकलं. ती उठली तोवर तिच्या घरच्या पुरणपोळ्या संपल्या होत्या. बाळाजीने दोन रुपये, खण आणि नथ दिली, शिवाय चाळीत सांगायला नवी थाप शोधायची पाळी आली. त्या बदल्यात त्याला जन्मातली सर्वांत गाढ झोप मिळाली, तेव्हा तो अगदीच नागवला असं म्हणता येणार नाही. सगळ्यांत मोठी भरपाई केली ती भागोजीने, नऊ मोत्यांची, आणि त्याने तर कॉफीचा वाससुद्धा घेतला नव्हता.